नऊ नंबरची तार

शुद्धलेखनाच्या चुकांची माफी आधीच मागून ठेवते. बेल्याकडच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, त्याला आता पस्तीस वर्षं होत आली. कोणती वेलांटी कुठे द्यायची ते विसरले आहे, आणि अक्षर इतकं वाईट की माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. ही वही मुलीची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कोणाला दाखवायची नाही. पण एका माणसाबद्दल लिहायचं आहे, आणि तोंडानं सांगणं मला जमत नाही.

तलमडुगूच्या बाजूला एक जिनिंग आहे. तिथे मी झाडायला आणि सरकी ओढायला जात असे. कापसातून रुई काढून घेतली की खाली सरकी उरते. ती गोदामात टाकतात, आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग होतो. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारून आणतात, म्हणून सरकीही ओली निघते. ओली सरकी दाबून राहिली की आतून आपोआप तापते. वरून हात लावला तर थंड, आणि आत काळी होऊन बसलेली. त्या आधीच्या वर्षी जिनिंगच्या मालकांची, शेठजींची, अशीच एक थप्पी वाया गेली होती. म्हणून त्यांनी ढिगाच्या आतली गरमी मोजायला एक माणूस ठेवला.

आम्ही बाया त्यांना बारीकसाहेब म्हणत होतो. अंगानं ते चांगले जाड होते. खुर्चीवर बसले की खुर्ची बोलायची. पण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच गोष्ट, बारीक करंट. त्यांची सगळी नोकरी चांद्याकडच्या कुठल्या कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर तिथल्याच लिलावात एक मशीन विकत घेतली होती, तीच घेऊन ते आमच्याकडे आले. मशीनला मागच्या बाजूनं सोळा तारांची जागा. ते चॅनेल म्हणायचे, आम्ही घरं म्हणायचो. थोड्याच दिवसांत तेही घरं म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा होत्या, टोकाला एकत्र वितळवलेल्या. टोकावर मोहरीएवढा मणी.

"बाई, हे बोटात धरा."

मी धरलं. मशीनवरचा आकडा पळत वर गेला आणि एक पूर्णांक तीन दोन सहावर थांबला.

"पाहा. हे तुमच्या बोटानं केलं. तुमच्या अंगच्या गरमीनं एवढा करंट तयार झाला."

मी घाबरून सोडून दिलं. आकडा हळूहळू उतरला. ते इतके हसले की खुर्ची पुन्हा बोलली.

"एक सेल असते न टॉर्चची, तिचा दीड व्होल्ट. एका व्होल्टाचे हजार तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे मिलीव्होल्ट. तुमचं बोट एवढंसं आहे. पण आहे."

दशांशाचं टिंब आमच्या वर्गापर्यंत आलंच नव्हतं. ते मला त्यांनी शिकवलं, सरकीच्या पोत्यावर खडूनं लिहून. त्यांना मशीनवर डिग्री दाखवता येत होती, पण दाखवत नव्हते. म्हणायचे, "डिग्री हे मशीनचं मत आहे. मिलीव्होल्ट ही साक्ष आहे. मत आपण आपलं बनवू." खिशात एक छापील तक्ता असायचा, घामानं पिवळा झालेला. त्यात बोट फिरवून ते डिग्री काढायचे.

त्यांच्या सवयी सांगायला बसले तर वही पुरणार नाही. रोज सकाळी आठच्या आधी ते गावातल्या थंड्याच्या दुकानातून बर्फ आणायचे. माघातल्या थंडीतसुद्धा. तो बर्फ फडक्यात बांधून दगडानं फोडायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या सोबतची बाई रोज टोमणा मारायची, "जाय वं, तुह्या बारीकसाहेबाले थंडाई करून दे." तो बर्फ थर्मासात जायचा, वरून पाणी, आणि त्यात तारांची दुसरी टोकं. एकदा मी नुसताच बर्फ भरला तर ते रागावले.

"पाणी काऊन नाही टाकलं? बर्फ अन् पाणी दोघं संग राहिले तरच बरोबर शून्य डिग्री. एकटा बर्फ शून्याच्या खाली जाते अन् आपल्याले सांगतही नाही."

मशीनच्या पहिल्या घरात त्यांनी काहीच लावलं नव्हतं. दोन स्क्रूंमध्ये तांब्याच्या तारेचा एक आखूड तुकडा, बस. त्या घरात कायम शून्य दिसायला पाहिजे. ते सकाळी आल्या आल्या आधी तेच पाहायचे. शेठजी एकदा म्हणाले, "साब, सोलह का पैसा दिया, एक में कुछ भी नहीं?" तर हे म्हणाले, "उसी एक के भरोसे बाकी पंद्रह हैं, शेठजी."

स्क्रूला बोट लावायचं नाही, बोटाची गरमी आकड्यात येते. पंखा लावायचा नाही. मशीनच्या मागच्या बाजूला त्यांनी आपली लोकरीची टोपी घातली होती, वारा लागू नये म्हणून. स्वतः उघड्या डोक्यानं कुडकुडत बसायचे. गोदामातली ट्यूबलाईट बंद ठेवायला लावली होती, तिच्यानं आकडे थरथरतात म्हणून. आम्ही अर्ध्या अंधारात झाडायचो. मशीन एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिला दम खाऊ द्यायचे. "आधीच्या घरातलं थोडंसं तिच्या अंगाले लागून येते. जाऊ द्या ते, मंग वाचा."

जिनिंगच्या मोटारी सुरू झाल्या की आकडे नाचायचे. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, सारखा, कुठे सैल नाही कुठे घट्ट नाही. त्यांच्या जाड बोटांनी ते नीट होईना. मी वाती वळते तसा मांडीवर पीळ दिला. त्यांनी ती तार जोडली, मोटार चालू असताना आकडा पाहिला, आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी कोणी उठून उभं राहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तेव्हापासून पंधराही तारांचा पीळ माझा आणि टोकाचे मणी त्यांचे. मणी करताना ते कोणालाही बोलू देत नव्हते. मोटारीची बॅटरी, जुन्या सेलमधली काळी कांडी, डोळ्यापुढे काळी काच. एक ठिणगी, आणि मोहरी तयार. "चाळीस वर्षांत माहा एक जोड कच्चा नाही निघाला," असं म्हणायचे. मग लाकडाला हात लावायचे. जवळ लाकूड नसलं तर शोधायचे.

तारा बांबूंना बांधून ढिगात खोचल्या. दोन नंबरापासून सोळापर्यंत. मशीन आपले आकडे आपोआप आत लिहून ठेवत होती, तरी सकाळ-संध्याकाळ वहीत हातानं लिहायचेच. ते काम मला दिलं. मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे.

"अक्षराचं काय करायचं आहे? एक अन् सात वेगळे दिसले पायजेत. दिसतात."

शेठजी, मुनीम, हमाल, सगळे मला ए बाई म्हणत. हे मला अहो बाई म्हणायचे. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं समजेल.

एकदा ते दोन दिवस डोळे दाखवायला चांद्याला गेले. जाताना मला बजावून गेले. "आकडे लिहा, बर्फ भरा. तार तुटली तर हात नोका लावू, मले फोन करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाच्या कडेची सांडलेली सरकी मागे लोटताना माझं फावडं तारेवर बसलं. नऊ नंबर. दोन्ही तारा तुटल्या.

फोन मुनिमाकडे होता. मुनिमाला मागायचा म्हणजे काय झालं ते सांगायचं. त्याच महिन्यात एका बाईच्या हातून वजनकाट्याची काच फुटली होती, तिला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं. माझ्या मुलीची शाळेची फी भरायची होती. पण खरं लिहायचं तर भीती त्याची कमी होती. साहेबांना कळेल की मी फावडं पाहून चालवलं नाही, याची जास्त होती.

तारा जोडताना मी त्यांना पाहिलं होतं. मीही दातानं वरचं आवरण सोललं, तारेला तार पिळली, मोटारीच्या मिस्त्रीची काळी टेप गुंडाळली. तारांवर रंग होते, एक पिवळी आणि एक लाल. पण सरकीच्या तेलानं आणि धुळीनं दोन्ही काळ्या पडलेल्या, आणि गोदामात ट्यूब बंद. मी रंग शोधतही बसले नाही. घरच्या बल्बला कोणतीही तार कुठेही लावली तरी तो पेटतो, हे मला माहीत होतं. हीसुद्धा करंटचीच तार. जोड सरकीत पुरून टाकला.

संध्याकाळी वहीत आकडे लिहिले. सकाळी नऊ नंबरच्या घरात एक पूर्णांक दोन चार होता. आता एक पूर्णांक शून्य. जे दिसलं ते लिहिलं. आकडा खोटा लिहायचं माझ्या मनातही आलं नाही.

साहेब परत आले. हातपाय धुवायच्या आधी वही उघडली. नऊवर बोट ठेवून बराच वेळ बसले.

"अहो बाई, हे सकाळी एक पूर्णांक दोन. संध्याकाळी एक. बाकी घरं जागच्या जागी आहेत. मधात काय झालं?"

मी झाडू हातात धरून उभी होते.

"तुमी इथंच होत्या न?"

"हो."

"तारेले कोनं हात लावला?"

"नाही साहेब. कोणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. संशयानं नाही. विचारायचं म्हणून विचारलं होतं, उत्तर मिळालं, संपलं.

"तुमी म्हणता, मंग नाही."

पुढचे दिवस आठवले की मला अजून अन्न गोड लागत नाही. नऊचा आकडा रोज थोडा खाली जात होता. शून्य पूर्णांक नऊ, मग आठ, मग सात. आठ नंबर आणि दहा नंबर तसेच. साहेबांनी बर्फ बदलला. पहिल्या घराचं शून्य पाहिलं. नऊची तार काढून दुसऱ्या घरात लावली, तर तिथेही तोच आकडा. म्हणजे मशीन खरी होती. तारेला कोणी हात लावलेला नव्हता, ते मी सांगितलंच होतं. राहिला त्यांचा मणी.

"जोड कच्चा निघाला," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग दोन्ही हात समोर धरून बोटांकडे पाहत राहिले. चाळिशी पुसून पुन्हा पाहिलं. मी तिथेच होते, चार हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी खाली वाकून झाडत राहिले.

ढिगाच्या वजनाखालून जुनी तार ओढून निघेना. नव्या तारेसाठी त्यांनी नागपूरला फोन केला. शेठजींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "सरकी ठीक है, मेरा तार खराब है." तार यायला तीन दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा होता शून्य पूर्णांक पाच एक सात. त्याच दुपारी करपल्याचा वास आला.

ढीग उकरला. नऊ नंबरच्या जागेपासून हातभर आत सरकी काळी ठिक्कर झाली होती, आणि फावड्याबरोबर पांढरा धूर बाहेर येत होता. हमालांच्या फावड्यांनी सगळ्या तारांचे तुकडे केले. माझा टेपेचा जोड मला दिसला. मी तो उचलून पदरात घातला आणि घरी जाऊन चुलीत टाकला.

शेठजी सगळ्यांसमोर ओरडले, "आपका बरफ तो नहीं पिघला साब, मेरी सरकी जल गई!" हमाल हसले. तीन महिन्यांचा पगार साहेबांनी एकदमच घ्यायचा ठेवला होता. शेठजींनी तो सगळा नुकसानीत कापून घेतला. चौतीस हजार पाचशे. मी खिडकीखाली झाडत होते, आकडा माझ्या कानानं ऐकला.

जाताना त्यांनी टोपी मशीनवरून काढून डोक्यावर घातली. मला म्हणाले, "तुमचा पीळ चांगला होता, बाई. माहाच हात गेला."

तेव्हाही मी बोलले नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नंतर मी जिनिंग सोडली आणि अंगणवाडीत खिचडी शिजवायला लागले. मुलगी शिकली. साहेब मात्र मनातून गेले नाहीत. मी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. कधी दोनशे, कधी पन्नास, काही महिने काहीच नाही. मध्येच मुलीचं आजारपण निघालं आणि डबा रिकामा झाला, तो पुन्हा भरायला दोन वर्षं गेली. याच उन्हाळ्यात पुरे झाले. जुन्या मुनिमाला विचारलं तर कळलं, साहेब उटनूरला लेकीकडे असतात, लेक तिथल्या सरकारी कचेरीत कारकून आहे.

मी एकटी बसनं गेले. रस्ताभर वाक्य पाठ करत होते.

ते बारीक झाले होते. दोन खोल्यांचं घर, दारात खाट. मला ओळखलं. "अहो बाई, या!" म्हणाले. लेकीनं पाणी दिलं. मी पाणी न पिताच बोलून टाकलं, खाली बघून, एका दमात. फावडं, जोड, टेप, नाही म्हटलेलं, सगळं.

ते खाटेवर सरळ होऊन बसले. मला वाटलं आता हाकलतील. मग म्हणाले, "कोणती तार कोणाले जोडली होती?"

"ते नाही माहीत साहेब. अंधार होता."

"पिवळीले लाल जोडली असन." ते लेकीला म्हणाले, "कागद दे वं." कागदावर त्यांनी दोन रेघा काढल्या आणि मध्ये फुली मारली. "जोड बाहेरच्या अंगाले होता न? तिथं एकोणतीस डिग्री धरू. आत मण्यापाशी पंचेचाळीस, जळत होतं ते आणखी आत. उलटी जोडली की आतली गरमी वजा होते. एकोणतीस दुणे अठ्ठावन, वजा पंचेचाळीस. तेरा. तेराले किती? शून्य पूर्णांक पाच एक सात."

नऊ वर्षांनी तो आकडा त्यांना पाठ होता.

"म्हणजे ते तापूनच राह्यलं होतं. आकडा खाली जाऊन राह्यला होता, म्हणजे आत वर जाऊन राह्यलं होतं." ते हसले, अगदी त्या पहिल्या दिवसासारखे. "माहा मणी पक्का होता! ऐकलं काय वं, पक्का होता!"

लेक हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"बाबांनी आल्या आल्या ती मशीन भंगारात दिली, मावशी," ती म्हणाली. "किलोवर. तारा, तक्ता, सगळं. आता हातानं फ्यूजसुद्धा बांधत नाहीत. म्हणतात, माहा हात गेला."

साहेबांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी कागद खाटेवर ठेवला. "चांगली मशीन होती हो," ते म्हणाले. "तेव्हाच सांगितलं असतं, बाई. मी तार उलटी केली असती अन् शेठले म्हटलं असतं, उकरा. पाच मिनिटाचं काम होतं."

मी मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी पिशवीतून फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. किती आहेत आणि कशाचे आहेत ते सांगितलं. लेक म्हणाली, "राहू द्या न मावशी, कशाले?" मलाही आत कुठेतरी वाटत होतं की साहेब तसंच म्हणतील, आणि मी थोडा आग्रह करीन.

"राहू कसं द्यायचं?" साहेब म्हणाले. "मोजून आणले त्यांनी."

चाळिशी लावून त्यांनी नोटा मोजल्या. शंभरच्या वेगळ्या, पाचशेच्या वेगळ्या, दहा-वीसच्या खाटेच्या कडेला. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. मी उभीच होते.

"चौतीस हजार पाचशे. बरोबर."

एकही नोट त्यांनी परत केली नाही. सगळे उशीखाली ठेवले, आणि रिकामं फडकं चार घड्या करून माझ्या हातात दिलं.